कामगिरीत सुधारणा

'सुधारणा' या शब्दाला मी बँकेत लागल्यापासून भितो. "सोमवारपासून सिस्टीम सुधारणार आहे," असे परिपत्रक आले की आम्ही जुनी माणसे रविवारीच घरी सांगून ठेवतो, उद्या जेवायला थांबू नका. सुधारलेली सिस्टीम पहिले तीन दिवस कुणालाच पैसे देत नाही. चौथ्या दिवशी देते, पण पूर्वी जे काम एका बटणात व्हायचे त्याला आता चार बटणे लागतात. या चार बटणांनाच सुधारणा म्हणतात, अशी माझी पक्की समजूत आहे.

त्यामुळे तीन महिन्यांपूर्वी माझ्या फोनवर निरोप आला, "नवीन आवृत्ती तयार आहे. सुरक्षितता वाढवली, स्थिरता वाढवली, कामगिरीत सुधारणा केली," तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. खाली दोन बटणे होती. एक 'आत्ता' आणि दुसरे 'आज रात्री'. 'नको, आहे ते बरे आहे' असे तिसरे बटण कुठेही नव्हते. अहो, वर्गणी मागायला येणारी गणपतीमंडळाची मुलेसुद्धा "काका, नंतर येऊ का?" असे एकदा तरी विचारतात! अकरा दिवस मी तो निरोप बाजूला सारला. बाराव्या दिवशी जेवणानंतरच्या गुंगीत 'आज रात्री'वर बोट पडले.

सकाळी उठून पाहतो तो फोनचा पुनर्जन्म झालेला. घड्याळ उजवीकडून डावीकडे गेले होते, चिन्हांचे कोपरे गोल झाले होते आणि पडदा सरकवला की तो झोपाळ्यासारखा हेलकावत येत होता. त्याच दिवशी ओट्यावर मांजराने दुधात तोंड घातलेले दिसले. हा देखावा टिपावा म्हणून मी कॅमेऱ्यावर बोट ठेवले. कॅमेरा उघडेपर्यंत मांजर दूध संपवून, मिशा साफ करून, गच्चीवर उन्हाला जाऊन बसले होते. टोपाच्या फोटोला मात्र धार चांगली आली.

आमचा भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्यामुळे घराण्यातल्या सगळ्या फोनांचा तो वैद्य. त्याला गाठले.

"मामा, दोन दिवस थांबा. अपडेटनंतर फोन आतल्या आत सगळी ॲप्स नव्यानं जुळवून घेत असतो. मग पळेल."

दोन दिवस थांबलो. फोन चालू लागला, पण पालखीच्या चालीने.

"मग जागा मोकळी करा. साठवण काठोकाठ भरली की फोन मंदावतोच."

मी सुप्रभातीची सातशे फुले आणि देवदिकांची शंभर चित्रे काढून टाकली. थोडा फरक पडला, नाही असे नाही. पण मांजर अजून पुढेच होते.

"मग आता काय, मामा? चार वर्षांचा झालाय फोन. तुमचं हे नवं अपडेट मोठ्या मेमरीच्या नव्या फोनांसाठी लिहिलेलं असतं. जुन्याची दमछाक होणारच."

हे तो अशा सुरात बोलला, की जणू फोनला आता गंगाजळ पाजावे! चार वर्षे? आमच्या घरातला मिक्सर एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याला कुणी रात्रीतून चटणी वाटायची नवी पद्धत शिकवलेली नाही.

वाचकहो, मी कॉमर्सचा पदवीधर. घसारा हा एकच विषय मला नीट कळला होता. मालमत्तेची किंमत कमी होते ती वापरामुळे, काळामुळे किंवा नवे यंत्र निघाल्याने जुने मागे पडते म्हणून. ही कारणे आम्ही घोकली होती. आणि घसारा लावायचा तो मालकाने, आपल्या वहीत, आपल्या हाताने. विकणारा इसम मध्यरात्री गिऱ्हाइकाच्या घरात शिरतो आणि त्याच्या खतावणीत घसारा लिहून निघून जातो, असे उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकात एकही नव्हते.

"म्हणजे कंपन्या मुद्दाम फोन मंद करतात असं म्हणायचंय तुम्हाला?" भाचा चिडला. "पुरावा आहे का?"

मी बँकेतला माणूस. व्हाउचरशिवाय बोलत नाही. जानेवारी 2017 मध्ये ॲपलने आयफोनसाठी एक अपडेट काढले. बॅटरी म्हातारी झालेले फोन अचानक बंद पडत, ते थांबावे म्हणून या अपडेटने त्यांचा वेग कमी केला. कारण खोटे नव्हते. पण वेग कमी केलाय हे गिऱ्हाइकाला सांगितले कधी? डिसेंबर 2017 मध्ये, तेही बाहेरच्या लोकांनी वेग मोजून आकडे मांडल्यावर. मग माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर 79 डॉलरवरून 29 वर आणला. मधल्या काळात कितीजणांनी 29 डॉलरच्या बॅटरीऐवजी अख्खा नवा फोन घेतला असेल, त्याचा हिशेब कुणाच्या वहीत आहे? ऑक्टोबर 2018 मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला 1 कोटी युरो आणि सॅमसंगला 50 लाख युरो दंड केला. सॅमसंगवरचा ठपका असा, की नव्या नोट 7 साठी बेतलेली आवृत्ती त्यांनी जुन्या नोट 4 वाल्यांच्या गळ्यात मारली आणि फोनला ती झेपेल का, ते सांगितले नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये फ्रान्सने ॲपलला आणखी अडीच कोटी युरोंना दंडवले. या दोन कंपन्या एरवी एकमेकींचे तोंड पाहत नाहीत. पण अशा बाबतीत सासवासुनांचे एकमत!

भाचा जरा गप्प झाला. मलाही त्याची दया आली, कारण सगळाच दोष दाखवणे हाही अप्रामाणिकपणा आहे. अँड्रॉइडवाल्यांनी खरी सुधारणाही केलेली आहे. 2012 च्या जेली बीनमध्ये पडदा सरकवताना बसणारे हिसके घालवण्यासाठी त्यांनी खास मोहीम काढली आणि तिला नावच 'बटर' दिले. 2013 च्या किटकॅटमध्ये तर पदर खोचून सगळी अडगळ काढली आणि 512 एमबी मेमरीच्या स्वस्त फोनात संसार मावेल असा केला. म्हणजे मनात आणले तर यांना हलके लिहिता येते. तेव्हा मनात आले, कारण आपल्यासारख्या देशांत स्वस्त फोन विकायचे होते. विकून झाल्यावर पुन्हा अडगळ वाढली. निकलाउस विर्थ या मोठ्या संगणकतज्ज्ञाने 1995 मध्येच लिहून ठेवले होते, की यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होत जाते. शिवाय एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना पूर्वी कपकेक, डोनट, ओरिओ अशी खाऊची नावे असत. 2019 पासून लोकांसमोर नुसता आकडा येऊ लागला. गोड बोलण्याची गरज संपली, दुसरे काय!

"पण मामा, सुरक्षिततेचं काय? जुनी आवृत्ती ठेवलीत तर चोर आत शिरतील. तुम्ही बँकेत आहात, तुम्हीच असं म्हणता?"

हा घाव वर्मी बसला. भामट्यांनी फोनवरून खाते धुऊन नेलेली माणसे माझ्याच काउंटरसमोर रडलेली आहेत. कुलूप पक्के हवेच. पण कुलूप बदलायला बोलावलेल्या सुताराने स्वयंपाकघर दिवाणखान्यात आणून ठेवावे का? कुलूप वेगळे मिळते. ऑगस्ट 2015 पासून गूगल नियमितपणे फक्त सुरक्षिततेच्या दुरुस्त्या काढते आहे. त्या जुन्या फोनपर्यंत पोचवायच्या की नाही, आणि किती वर्षे, हे फोन बनवणारा ठरवतो. आमची तक्रार नेमकी तिथे आहे. आम्हाला कुलूप द्या. हेलकावणारा पडदा नको असेल तर 'नको' म्हणायचे बटण द्या. आणि चुकून घेतलाच, तर मागे फिरायची वाट द्या.

हा वाद मी मांजरासाठी घातला असता तर इथेच सोडला असता. पण गेल्या महिन्यात आमच्या शाखेत एक पेन्शनर काका आले. बँकेचे ॲप त्यांच्या फोनवर उघडेना. मी फोन हातात घेतला. काचेवर ओरखडा नाही, आवाज खणखणीत, बॅटरी दोन दिवस चालणारी. फक्त आवृत्ती जुनी. त्या फोनला अपडेट येणेच बंद झालेले आणि आमचे ॲप त्या आवृत्तीवर चालत नाही. मी सरावाने म्हणालो, "काका, फोन बदलावा लागेल."

काकांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, "नवा घेतला तर तो किती वर्षं चालेल, साहेब?"

हा माणूस पाच हजारांची ठेव ठेवायला आला, तर मी त्याला पावतीवर मुदतपूर्तीची तारीख लिहून देतो. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावरही कधीपर्यंत खावे ते छापलेले असते. त्या संध्याकाळी मी दुकानात जाऊन चार-पाच फोनांची खोकी उलटीसुलटी करून पाहिली. किंमत होती, उत्पादनाचा महिना होता, कॅमेऱ्याचे कौतुक तर चारी बाजूंनी होते. दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, तेवढे नव्हते. दुकानदार माझ्याकडे अन्नभेसळ खात्याचा माणूस आल्यासारखा पाहू लागला.

हे अशक्य आहे म्हणावे, तर तेही नाही. गूगलने 2023 मध्ये आणि सॅमसंगने 2024 मध्ये आपल्या महागड्या फोनांना सात वर्षे अपडेट देण्याचे कबूल केले. युरोपात 20 जून 2025 पासून नियमच झाला, की एखाद्या फोनाचा शेवटचा नग बाजारात आल्यावरही किमान पाच वर्षे त्याची अपडेट मिळाली पाहिजेत. म्हणजे जो दरवर्षी फोन बदलू शकतो त्याला सात वर्षांची हमी, आणि जो पेन्शनीतून बाजूला काढून घेतो त्याने रात्री दोन वाजता काय होईल याची वाट बघायची. आमच्या बँकेलाही मी यातून सोडत नाही. शिल्लक बघण्यापुरते एक साधे, हलके ॲप जुन्या फोनवर सुरक्षित चालवता येईल का, अशी सूचना मी वरच्या कचेरीला लेखी पाठवली. उत्तर आले. सूचनेची नोंद घेतली असून ॲपच्या पुढील आवृत्तीत कामगिरीत सुधारणा करण्यात येईल.

काकांनी फोन बदलला नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला ते पासबुक घेऊन माझ्या खिडकीशी येतात. मी ते भरून देतो. बॅटरी अजून दोन दिवस चालते, असे जाताना ते मला दर वेळी सांगतात.