खोली कालच गेली!

कॉलेजात प्रवेश मिळाला की अर्धे काम झाले, असे खेड्यातल्या वडीलमाणसांना वाटते. उरलेले अर्धे काम म्हणजे खोली! वणी, झरी, घाटंजी, उमरखेडकडून यवतमाळला आलेल्या आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या मित्रांना हे निराळे सांगायला नको.

मी राहतो ती खोली दत्त चौकापलीकडच्या जुन्या वस्तीत, एका वाड्याच्या तळमजल्यावर आहे. दार उघडले की अंगण. अंगणात कडुनिंब, तुळशीवृंदावन आणि विहीर. जाड मातीच्या भिंतींमुळे उन्हाळ्यात गारवा असतो. पावसाळ्यात त्याच भिंतींना कमरेइतकी ओल चढते आणि वह्यांना बुरशी येते. २०१८ साली निळोणा धरणाने तळ गाठला तेव्हा ह्या विहिरीने साऱ्या गल्लीला पाणी पाजले, असे घरमालकीण आजी अभिमानाने सांगतात.

ओल सोसता येते. सोसवत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. ही खोली मला पाच मिनिटांत मिळाली. आजींनी दोनच प्रश्न विचारले : "गाव कोणतं? आडनाव काय?" पुढे कळले की माझा एक वर्गमित्र आदल्याच दिवशी येथे येऊन गेला होता. त्यालाही तेच दोन प्रश्न विचारले गेले आणि उत्तर मिळाले, "खोली कालच गेली." मला हे समजले तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. खोली हातची जाईल ही भीती!

१९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले आणि एका सार्वजनिक बागेत बसून गाडीची वाट पाहावी लागली. आपण जयंतीला हा प्रसंग सांगतो, टाळ्याही घेतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास आडकाठी करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु "खोली कालच गेली" हे गोड वाक्य कायद्याच्या चिमटीत सापडत नाही.

घरमालकांचीही एक बाजू आहे, ती नाकारून चालणार नाही. भाडेकरू बसला की उठत नाही, जुन्या भाड्यात वाड्याची कौलेही शाकारून होत नाहीत, ही त्यांची धास्ती खोटी नव्हे. पण ह्या धास्तीवर आडनाव हा उपाय कसा? भाडे वेळेवर येईल की नाही, हे आडनावावरून कोणत्या पंचांगात कळते? त्यावर उपाय आहे तो कागदाचा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, ती जबाबदारीही मालकाचीच आहे. मुदतीचा परवाना-करार केला तर मुदतीनंतर जागा परत मिळण्याची सोय त्यात आहे. भाड्याची पावती देणेही बंधनकारक आहे. आपल्यापैकी किती जणांजवळ अशी पावती आहे?

म्हणून माझे म्हणणे असे की, विद्यार्थी मंडळाने प्राध्यापकांच्या देखरेखीखाली खोल्यांची एक नोंदवही ठेवावी. तीत भाडे, मुदत, पाण्याची सोय एवढेच लिहावे. आडनावाचा रकाना नसावा. खोली रिकामी आहे की गेली, हे वहीत उघड दिसेल. मग "कालच गेली" म्हणणे तितके सोपे राहणार नाही.

दुसऱ्याला उपदेश करणे सोपे असते. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते. येत्या जूनमध्ये त्या मित्राला घेऊन मी आजींपुढे उभा राहणार आहे, त्याचे नाव-गाव-आडनाव सांगून. आजी काय म्हणतील ते मला ठाऊक नाही. ह्या वेळी मात्र मी गप्प बसणार नाही.