विश्लेषण : ‘आम्ही मेल पाठवला होता’ एवढ्याने भागते का?

प्रवेशाचा हंगाम आला की महाविद्यालयांच्या कार्यालयातील खिडकीवर एक संवाद ठरलेला असतो. ‘मला मेल आलाच नाही,’ असे विद्यार्थी सांगतो. ‘आम्ही सगळ्यांना पाठवलाय, स्पॅममध्ये बघ,’ असे आतून उत्तर येते. दोघेही खरे बोलत असू शकतात. मेल सुटलेला असतो, पण पोहोचलेला नसतो. का पोहोचला नाही याचा लेखी खुलासाही पाठवणाऱ्याकडे परत आलेला असतो, फक्त तो कोणी उघडून पाहिलेला नसतो. जागा हुकते ती विद्यार्थ्याची.

मेल जातो कसा?

‘सेंड’ दाबल्यावर मेल थेट समोरच्याच्या फोनवर जात नाही. पाठवणाऱ्याचा मेल सर्व्हर आधी डीएनएस या इंटरनेटच्या पत्तावहीत पाहतो, की समोरच्या डोमेनसाठी मेल कोणता सर्व्हर घेतो. या नोंदीला एमएक्स म्हणतात. मग दोन सर्व्हरमध्ये एसएमटीपीच्या ठरलेल्या भाषेत बोलणे होते. हे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. त्यात पुढे भर पडली, पण गाभा तोच राहिला. प्रत्येक विचारणेला समोरचा सर्व्हर तीन अंकी उत्तर देतो. मेल सुपूर्द केल्यावर २५० आले, तर ‘घेतला, आता जबाबदारी माझी’. आकडा ४ ने सुरू झाला तर ‘आत्ता नाही, नंतर या’. ५ ने सुरू झाला तर साफ नकार.

यातला ४ चा आकडा फसवा आहे. तो आला की पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. मानकानुसार हे किमान चार-पाच दिवस चालावे अशी अपेक्षा असते. काही सर्व्हर तर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दामच परत पाठवतात, कारण स्पॅम पाठवणारी सॉफ्टवेअर सहसा दुसरी फेरी मारत नाहीत. म्हणजे ‘आज सायंकाळी पाचपर्यंत शुल्क भरा’ हा सकाळी पाठवलेला मेल दुसऱ्या दिवशी पोहोचला, तरी तांत्रिकदृष्ट्या कोणाचेच काही चुकलेले नसते. इतक्या कमी मुदतीच्या सूचना केवळ मेलने देणे, हाच मुळात चुकीचा निर्णय आहे.

नकाराचे कारण कुठे मिळते?

साफ नकार आला की पाठवणाऱ्याच्या नावाने ‘मेलर-डीमन’कडून एक मेल परत येतो. हाच बाउन्स. इंग्रजी आणि आकड्यांची ती गिचमिड पाहून बहुतेक जण तो न वाचताच पुसून टाकतात. खरे तर निदान त्यातच असते. ‘५५० ५.१.१’ म्हणजे असा पत्ताच नाही. बहुधा अर्जात एखादे अक्षर चुकले. शेवटी ‘२.२’ असेल तर पेटी भरली. जीमेलची मोफत १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंमध्येही वाटली जाते, त्यामुळे घरच्या लग्नाचे व्हिडीओ प्रवेशाचा मेल अडवू शकतात. या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्याच्या बाजूच्या आहेत, हे मान्य करायला हवे. (सेवा केंद्रावर अर्ज भरताना चालकाने स्वतःचाच मेल पत्ता टाकला, तर मात्र २५० येते आणि मेल तिसऱ्याच्याच पेटीत सुखरूप पडतो.)

‘५.७’ने सुरू होणाऱ्या नकारांची गोष्ट वेगळी. तिथे पत्ता बरोबर असतो, पेटीत जागा असते, पण पाठवणाऱ्यावर विश्वास नसतो. कोणत्या सर्व्हरना आमच्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी आहे, याची यादी डोमेनमालक डीएनएसमध्ये लावतो, ती एसपीएफ. मेलवर डिजिटल स्वाक्षरी असते, ती डीकेआयएम. आणि या तपासण्यांत मेल नापास झाला तर त्याचे काय करायचे, हे सांगणारे धोरण म्हणजे डीमार्क. गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून याबाबत कडक भूमिका घेतली. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्याला तिन्ही गोष्टी लागतात, आणि एकदा हा आकडा गाठला की घाऊक पाठवणाऱ्याचा शिक्का कायमचा. छोट्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आणि सर्व्हरच्या आयपी पत्त्याची उलटी डीएनएस नोंद हवीच. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून आउटलुकच्या खात्यांसाठी घाऊक मेलवर असेच नियम लावले.

आता महाविद्यालयाचे चित्र पाहा. डोमेन संस्थेचे, संकेतस्थळ स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, आणि प्रवेशाचे मेल पाठवते बाहेरच्या कंपनीचे सॉफ्टवेअर. त्या कंपनीचा सर्व्हर एसपीएफच्या यादीत घालायला कोणाला सुचत नाही. पाकिटावर नाव महाविद्यालयाचे, पण टाकणारा भलताच, असे जीमेलला दिसते. शेअर्ड होस्टिंगवर तर त्याच आयपी पत्त्यावरच्या शेजाऱ्याने स्पॅम पाठवले, तरी काळ्या यादीचा फटका सगळ्यांना बसतो. डीएनएसमध्ये एक ओळ बदलण्याचे काम असते. मात्र त्याचा पासवर्ड दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याकडे असतो, हेही ओघाने आलेच.

सगळ्यात मोठी अडचण बाउन्सच्या प्रवासाची आहे. तो पाठवणाऱ्याकडे जातो, विद्यार्थ्याला त्याचा पत्ताही नसतो. आणि पाठवणारा असतो ‘नो-रिप्लाय’. ती पेटी कोणी उघडत नाही, कधी कधी ती अस्तित्वातही नसते.

तक्रार हास्यास्पद वाटली तरी

ट्रे हॅरिस या अमेरिकी सिस्टीम प्रशासकाने २००२ मध्ये सांगितलेला एक किस्सा या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. तो विद्यापीठात काम करत असताना सांख्यिकी विभागाच्या प्रमुखांचा फोन आला : ‘आमचा मेल ५०० मैलांच्या पलीकडे जात नाही.’ मेल अंतर मोजत नाही, त्यामुळे हे ऐकून कोणीही हसले असते. हॅरिसने तपासले तर तक्रार खरी निघाली. सर्व्हरची यंत्रणा अद्ययावत करताना मेलचे सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवर गेले होते, जोडणीसाठी थांबण्याची मर्यादा शून्य झाली होती आणि प्रत्यक्षात सर्व्हर जेमतेम तीन मिलिसेकंद थांबत होता. तेवढ्या वेळात प्रकाश साधारण साडेपाचशे मैल जातो. हॅरिसने त्या प्रमुखांना ‘स्पॅममध्ये बघा’ असे सांगितले नाही.

कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, वेगळे ठरले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक नोंद पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील संगणक यंत्रणेत शिरली की ती ‘पाठवली’ जाते आणि प्राप्तकर्त्याने नेमलेल्या, किंवा तशी नेमलेली नसेल तर त्याच्या, यंत्रणेत शिरली की ती ‘मिळते’. या वाचनाने, ५ चा आकडा येऊन दारातूनच परतलेला मेल मिळाला असे म्हणता येणार नाही. स्पॅममध्ये पडलेला मेल मात्र आत शिरलेला असतो. तिथे विद्यार्थ्याची बाजू लंगडी पडते, आणि हे त्याला आधी कोणी सांगत नाही.

मग करायचे काय?

कार्यालयाला सर्व्हर चालवणारा तज्ज्ञ ठेवण्याची गरज नाही. यादीला मेल पाठवण्याआधी एक मेल स्वतःच्या जीमेलवर मागवावा, ‘शो ओरिजिनल’ उघडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कसमोर ‘पास’ आहे का, ते पाहावे. नकार सगळ्या जीमेल पत्त्यांकडून येत असेल तर दोष आपला, एकाच पत्त्यावरून येत असेल तर बहुधा पत्त्याचा. बाउन्स येतील ती पेटी रोज सायंकाळी एका माणसाने उघडावी आणि परतलेल्या पत्त्यांना फोन करावा. अर्जात मोबाइल क्रमांक असतोच.

विद्यार्थ्याने स्पॅम जरूर पाहावे. तिथेही काही नसेल तर खिडकीवर अर्ज द्यावा आणि सर्व्हरच्या लॉगमधील आपल्या पत्त्यासमोरची ओळ लेखी मागावी : तारीख, वेळ आणि समोरून आलेला तीन अंकी आकडा.