क्लिप आवळली म्हणजे गळती थांबली काय?

गाडीखाली ओल दिसली की मालक गॅरेजात येतो. मिस्त्री वाकून पाहतो, होज पाइपची क्लिप दोन आटे आवळतो आणि "झालं काम" म्हणून पन्नासाची नोट खिशात टाकतो. आठ दिवसांनी तीच गाडी, तीच ओल आणि तोच मालक. फरक इतकाच की या खेपेस तो दुसऱ्याच्या गॅरेजात उभा असतो. कुर्ल्यापासून नाना पेठेपर्यंत गॅरेज आणि सुट्या भागांच्या दुकानांवर ज्यांची रोजी अवलंबून आहे, त्या आमच्या बांधवांना या पन्नास रुपयांचा खरा हिशेब सांगणे आम्हास अगत्याचे वाटते.

पाना हातात घेण्याआधी काय गळते ते ओळखले पाहिजे. एसीचे स्वच्छ पाणी टपकत असेल तर तो बिघाडच नव्हे. रंगीत, गोडसर वासाचे असेल तर ते कूलंट. ते विषारी असते, म्हणून जिभेला लावून पाहण्याची जुनी खोड सोडावी. चाकाच्या आतील बाजूस पिवळसर, बुळबुळीत ओल असेल तर संशय ब्रेकवर घ्यावा.

कूलंटचा पाइप गळत असेल तर दोष एकट्या क्लिपचा क्वचितच असतो. पाइपाचे तोंड उष्णतेने कडक होऊन तडकलेले असते, नाही तर ज्या नळीवर तो बसतो तिच्यावर गंज आणि क्षार साचलेले असतात. अशा वेळी क्लिप आवळत गेल्यास ती रबरात रुतून ते कापते आणि गळती वाढते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उडते. पाइप काढून नळी पॉलिश पेपरने साफ करावी. लांबी पुरत असेल तर पाइपाचे खराब टोक सरळ कापावे, नसेल तर नवा पाइप घालावा. तो चढत नसेल तर साबणाचे पाणी लावावे, ग्रीस लावू नये. तेलाने हे रबर फुगते. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवावी. गाडी गरम करून, पुन्हा थंड झाल्यावर एकदा तपासावी. या कामाला पाऊण तास लागतो, म्हणून मजुरीही पाऊण तासाची घ्यावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ब्रेकची गोष्ट मात्र निराळी. तेथे दाब कूलंटच्या कित्येक पट असतो. क्लिप, सीलंट, चिकटपट्टी यांना तेथे जागाच नाही. पाइप फुगला किंवा तडकला असेल तर तो बदलायचाच. बोल्टाच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर एकदा दाबले गेले की त्यांचे काम संपले. दरवेळी नवे घालावेत. काही रुपयांच्या वायसरपायी माणसाचा जीव टांगणीस लावू नये. लोखंडी नळीच्या जोडाला टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणारेही आहेत. तो जोड आट्यांवर नव्हे, धातूवर धातू घट्ट बसून बंद होतो. पट्टीचा उपयोग काही नाही, उलट तिचा तुकडा आत जाण्याचा धोका.

"ब्रेक ऑइल" या नावानेही आपल्या कारागिरांचा घात केला आहे. गाड्यांत सर्रास वापरले जाणारे डॉट ३ आणि डॉट ४ हे द्रव तेल नव्हेतच. त्यांत इंजिन ऑइल मिसळले की आतली रबरे फुगतात आणि सारी यंत्रणा बदलावी लागते. शिवाय हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. ताजे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हा आकडा १४० अंशांपर्यंत उतरतो. कसारा किंवा खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक तापले, द्रव उकळला आणि त्याची वाफ झाली की पेडल सरळ खाली जाते. म्हणून महिनोन्‌महिने उघडी राहिलेली बाटली वापरू नये, आणि जोड दुरुस्त केल्यावर ब्रेकची हवा काढल्याशिवाय गाडी सोडू नये.

मिस्त्री म्हणतील, "गिऱ्हाईकच सांगतं, सध्या भागवा." हे खोटे नाही. कूलंटच्या बाबतीत घरापर्यंत पोहोचण्यापुरते भागवता येईल, पण तसे स्पष्ट सांगून. ब्रेकच्या बाबतीत सरळ नाही म्हणावे. गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्यावे. काही विपरीत घडले तर "तुम्हीच म्हणाला होता" हे कोणी ऐकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पैसे घेऊन केलेल्या सेवेतील कसुरीबद्दल गिऱ्हाईक दाद मागू शकते. तेव्हा काय बदलले ते बिलावर लिहावे आणि जुना भाग मालकाच्या हाती द्यावा. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरशी झगमगाटात आपली बरोबरी होणार नाही. विश्वासात नक्की होईल.

दुकानदारांनाही एक शब्द. नकली ब्रेक पाइप विकून मिळणारा नफा चार दिवसांचा. नाव गेले की पुढच्या पिढीला दुकान उरत नाही. आणि उस्तादांनी हाताखालच्या पोरांना पाना कसा धरावा एवढेच न शिकवता, कोठे "नाही" म्हणावे हेही शिकवावे. हुन्नर हाताचा असतो, पण धंदा टिकतो तो इमानावर.