रमाबाईंवर दहा ओळी पुरे, आता त्यांचं लेखन वाचू या



पंडिता रमाबाईंवर निबंध लिहा म्हटलं की बहुतेक वह्यांत तोच मजकूर येतो. जन्म १८५८, वडील अनंतशास्त्री डोंगरे, कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, शारदा सदन, मुक्ती मिशन, मृत्यू ५ एप्रिल १९२२. शेवटी 'अशा थोर समाजसुधारिकेला शतशः प्रणाम'. गुण मिळतात, विषय संपतो. पण बाई काय म्हणत होत्या, हे मुलांना कळतच नाही. थोरांची माहिती पाठ करून घेण्याऐवजी त्यांनी लिहिलेलं थोडंसं तरी मुलांच्या हाती द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रमाबाईंच्या बाबतीत तर ते फारच गरजेचं आहे.

वाचक बदलला, भाषा बदलली

रमाबाईंचं पहिलं पुस्तक 'स्त्रीधर्मनीति', १८८२ सालचं. स्त्रियांनी शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं हा त्याचा गाभा. मात्र भाषा संस्कृतप्रचुर आहे. ते साहजिकच होतं, कारण त्यांचं सगळं शिक्षण आई-वडिलांकडून संस्कृतातच झालं होतं. पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, अमेरिकेत असताना त्यांनी 'द हाय कास्ट हिंदू वूमन' हे पुस्तक इंग्रजीत लिहिलं. ते परक्या वाचकांसाठी होतं. बालविवाह आणि विधवांची स्थिती त्यांना समजावी आणि शाळेसाठी मदत उभी राहावी, हा हेतू. मग १८८९ मध्ये आलं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. हे आपल्या लोकांसाठी, म्हणून मराठीत. अमेरिकेतल्या शाळा, स्त्रियांच्या संस्था, राज्यकारभार यांबद्दल त्या कौतुकाने लिहितात. पण कृष्णवर्णीयांवरचा आणि मूळ रहिवाशांवरचा अन्यायही लपवत नाहीत. परदेश पाहून भारावून जाणारं प्रवासवर्णन आपण पुष्कळ वाचतो. हे तसं नाही, बघा.

आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामं तिथल्या मुली-बायका करत. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. रुळलेलं भाषांतर आधीपासून होतंच, मग हा खटाटोप कशाला? कारण रमाबाईंना जुन्या भाषांतराची भाषा संस्कृताने जड झालेली वाटत होती. नुकतीच अक्षरं शिकलेल्या बाईला ते स्वतः वाचता यावं, अशी त्यांची धडपड होती. एक संस्कृत पंडिता संस्कृत शब्द बाजूला ठेवायला निघते, यातलं धाडस लक्षात घ्या.

युरोपातल्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी हेच केलं होतं. मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणला. विल्यम टिंडलने १५२६ मध्ये तो इंग्रजीत छापला आणि १५३६ मध्ये त्याला देहदंड झाला. देवाचा शब्द प्रत्येकाला आपल्या भाषेत, मध्यस्थाशिवाय वाचता यावा, हा त्यांचा आग्रह. आपल्याकडे ज्ञानेश्वर आणि एकनाथांनी मराठीची कास धरली, ती हीच तळमळ. रमाबाई या दोन्ही वाटांच्या वारसदार आहेत.

आपल्याच माणसांशी वाद

आता अवघड मुद्दा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वर्गात हा विषय आला की आपण एक वाक्य वाचून पुढं सरकतो, नाही का? माझं म्हणणं, इथंच थांबावं. धर्मांतर चांगलं की वाईट हे ठरवायला नव्हे, तर त्यांची पत्रं वाचायला.

इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. त्यात नवख्या ख्रिस्ती बाईचा मुकाट होकार नाही. न पटलेलं मत चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, असं त्या ठणकावून सांगतात. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत काय कमी पवित्र आहे, असा प्रश्न विचारतात. ज्यांच्या आश्रयाने राहायचं, त्यांनाच असं लिहायला किती बळ लागत असेल!

इकडे महाराष्ट्रातही वाद झाले. शारदा सदनमधल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळवल्या जातात, या आरोपावरून १८९३ मध्ये 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. उलट जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेतली होती. दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवा. मुलं गोंधळत नाहीत, विचार करू लागतात.

रमाबाईंनाही प्रश्न विचारता येतात. १८८७ च्या पुस्तकाच्या नावातच उच्च जात आहे. मग शेतात राबणाऱ्या, गावकुसाबाहेरच्या बाईचं काय? १८९६-९७ च्या दुष्काळात मात्र मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींनी मुक्ती मिशनचं स्वरूपच पालटलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंनी आई, वडील आणि बहीण गमावली होती. भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती.

सोलापूरच्या वर्गात हे कशासाठी?

सोलापूरहून रेल्वेने पुण्याला निघालं की दौंडनंतर केडगाव लागतं. इतकं जवळ आहे हे सगळं. पण खरं कारण वेगळंच आहे.

आपल्या वर्गात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी दखनी. कुणाची आई विड्या वळता वळता अभ्यास घेते. मूल 'करलालो' म्हणालं की आपण लगेच 'अशुद्ध!' म्हणून गप्प करतो. प्रमाणभाषा शिकवायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण गप्प केलेलं मूल पुढं तोंड उघडत नाही, आणि मग निबंधात पाठ केलेल्या दहा ओळीच उतरवतं. जिला लिहायचंच भय वाटतं, ती मुलगी उद्या 'मला एवढ्यात लग्न करायचं नाही, शिकायचंय' हे घरी कुठल्या शब्दांत सांगणार?

रमाबाई कर्नाटकातल्या रानात जन्मल्या, हजारो मैल पायी फिरल्या आणि वाटेत अनेक भाषा उचलल्या. त्यांच्या लेखनातून आपल्या मुलांनी एवढं घ्यावं: समोर कोण आहे ते ओळखून लिहा, आणि पटत नसेल तर आपल्या माणसालाही तसं लिहून कळवा.

करून बघण्यासारखं

१. अमेरिकेच्या प्रवासवृत्तातलं एक पान वाचा. अडलेल्या शब्दांना घरातल्या बोलीतले शब्द शोधा.
२. तोच उतारा आजीला कळेल असा पुन्हा लिहा.
३. न पटलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल मोठ्या माणसाला पत्र लिहा. मान राखून, पण मुद्दा न सोडता.

तिसरी कृती तपासताना आधी मुद्दा वाचा, ऱ्हस्व-दीर्घ नंतर.