विद्यापीठाचा सातबारा

आपल्या मराठी मंडळातल्या कितीतरी घरांतली मुले मिनेसोटा विद्यापीठात शिकतात. मिसिसिपीच्या काठावरचे ते आवार डाकोटा या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर उभे आहे. हा इतिहास शिकवणारा अमेरिकन इंडियन स्टडीज विभाग तिथे १९६९ पासून आहे, पण त्याचा लाभ आपणहून तिकडे वळणाऱ्यालाच. माझे म्हणणे स्पष्ट आहे: इंजिनिअर होणाऱ्यालाही हा विषय पहिल्याच वर्षी सक्तीचा हवा. त्यासाठी लागणारे उत्तम साहित्य इंटरनेटवर कधीच तयार आहे.

१८६२ हे एकच वर्ष घ्या. २ जुलैला राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली आणि महाविद्यालयांसाठी राज्यांना जमिनी मिळाल्या. त्या उन्हाळ्यात डाकोटांचे कराराचे पैसे थकले होते, माणसे उपाशी होती, गोदामात धान्य पडून होते. ऑगस्टमध्ये डाकोटा आणि अमेरिकन सरकार यांच्यात युद्ध पेटले. २६ डिसेंबरला, लिंकन यांच्याच मंजुरीने, मँकेटोत ३८ डाकोटांना एकाच वेळी फाशी दिली. सुमारे १,६०० जणांना, त्यात बहुतेक बायका, मुले, म्हातारी माणसे, फोर्ट स्नेलिंग या किल्ल्याखाली तो हिवाळा कैदेत काढावा लागला.

विद्यापीठाची उभारणी आणि डाकोटांची वाताहत असे दोन वेगळे धडे करून हे शिकवता येत नाही. ‘हाय कंट्री न्यूज’ने २०२० साली ‘लँड-ग्रॅब युनिव्हर्सिटीज’ हा नकाशा खुला केला, त्यात दोन्ही एकत्र दिसतात. विद्यापीठ निवडा, जमिनीचे तुकडे उमटतात. तुकड्यावर क्लिक केले की तो कुणाकडून, कोणत्या कराराने घेतला आणि सरकारने काय मोजले ते समोर येते. ५२ विद्यापीठे, सुमारे १ कोटी ७ लाख एकर, जवळजवळ २५० जमाती. हा विद्यापीठांचा सातबाराच आहे. शिवाय सगळी आकडेवारी उतरवून घेता येते, म्हणजे विद्यार्थ्याला ती स्वतः पडताळता येते.

पण जमिनीच्या नोंदीत माणसाचा आवाज नसतो. तो ‘ब्डोटे मेमरी मॅप’मध्ये आहे. डाकोटा कलावंत मोना स्मिथ यांच्या पुढाकाराने झालेल्या या नकाशावर डाकोटा माणसे आपल्या जागांविषयी स्वतः बोलतात. ब्डोटे म्हणजे आपल्या विमानतळाशेजारचा, मिनेसोटा आणि मिसिसिपी नद्यांचा संगम. तसेच ओजिब्वे या इथल्या दुसऱ्या मूळनिवासी समाजाच्या भाषेच्या, विद्यापीठाच्याच शब्दकोशात शब्दावर क्लिक केले की वडीलधाऱ्यांचा उच्चार ऐकू येतो.

सगळे इंटरनेटवर आहे, मग वर्ग कशाला, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. डाकोटा शिक्षक पगारावर नेमावेत, मुलांना संगमावर न्यावे, आणि कबरी व पवित्र जागांची कोणती माहिती खुली करायची हे त्या समाजानेच ठरवावे. ते विद्यापीठाने ठरवायचे नाही.

मुलाचे पहिल्या सत्राचे विषय ठरवायला बसाल तेव्हा हा एक विषय त्यात घालायला लावा. आणि तो सर्वांना सक्तीचा करा, असे पालक म्हणून विद्यापीठाला लिहा.