आधी मीटर लावा, मग पाना उचला

गेल्या अंकातील इंजिन दुरुस्तीवरच्या लेखात ‘पी ३४०१ कोड आला की लिफ्टर बदला’ असा सल्ला आहे. तो पटत नाही.

जीएमच्या ५.३ लिटर व्ही-८ इंजिनाच्या अनेक मॉडेलमध्ये भार हलका असताना १, ४, ६ आणि ७ हे सिलिंडर बंद ठेवले जातात. त्या सिलिंडरचा सोलेनॉइड उघडला की तेलाच्या दाबाने लिफ्टरमधल्या पिना आत जातात आणि व्हॉल्व्ह उघडत नाहीत. पी ३४०१ हा कोड पहिल्या सिलिंडरच्या सोलेनॉइडचे सर्किट बिघडल्याचे सांगतो, लिफ्टर अडकल्याचे नव्हे. म्हणून आधी कनेक्टर काढून पिना गंजल्या आहेत का, तेलाने माखल्या आहेत का, ते पाहावे. मग मल्टिमीटरने चारही सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजावा. एकाचाच आकडा वेगळा आला, तर दोष तिथेच. चारही सिलिंडरचे कोड एकदम आले, तर सामाईक वीजपुरवठा तपासावा. सतत टकटक, मिसफायर आणि कमी कॉम्प्रेशन असेल, तेव्हाच लिफ्टरकडे वळावे. लिफ्टर बदलायला सिलिंडर हेड उतरवावे लागते आणि तो भुर्दंड ग्राहकाला पडतो.

गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती: मोजल्याशिवाय पार्ट बदलू नका.

– एक वाचक, डेट्रॉइट