अम्मींची वाटी

दोन वर्षं ईदच्या सकाळी अम्मी शीरखुर्म्याची वाटी नुसती हातात धरून बसायच्या. दूध पचत नाही, हे त्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं. पाहुण्यांसमोर नको म्हणायचा संकोच! यंदा आम्ही त्यांच्यासाठी वेगळं पातेलं चढवलं. खवा वगळलाच, कारण दूध आटवलं की त्यातली साखर, म्हणजे लॅक्टोज, आणखी दाट होते. शेवया तुपात परतल्या. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. खारीक रात्रभर भिजवून मऊ शिजवली, थोडे बदाम सोलून वाटून लावले. नारळाचं पातळ दूध आधी घातलं, घट्ट दूध आच बंद केल्यावर. उकळलं तर फाटतं. तेही अर्धी वाटीच, कारण जड पडतं. अम्मींनी लगेच दुसरी वाटी मागितली. संध्याकाळपर्यंत पोट शांत राहिलं, तेव्हा दिली.